प्रार्थनामंदिराचे उत्तरायुष्य : परळच्या एका वास्तूचा इतिहास

(हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलढाणा येथील व्याख्यानाची मुद्रित संहिता)

धर्मवास्तूंचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा दोन प्रसंगांवर खिळते : वास्तू कोणी व केव्हा उभारली हा एक, आणि ती कोणी व केव्हा पाडली हा दुसरा. या दोहोंच्या मधला काळ, म्हणजे उपासना थांबल्यानंतरही भिंती उभ्याच राहिल्या आणि त्यांच्या आत कोणी मेजवान्या झोडल्या, कोणी रोगी निजवले, कोणी लस तयार केली, असा जो दीर्घ काळ असतो, तो तळटीपेत ढकलला जातो. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेची मुख्य इमारत हे अशा तळटीपेत गेलेल्या इतिहासाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे. जेझुइट पाद्र्यांचे चर्च, कंपनी सरकारच्या गव्हर्नराचा बंगला, प्लेगचे रुग्णालय आणि अखेर सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा अशी चार आयुष्ये या एकाच वास्तूने पाहिली, आणि त्यांतील पहिले आयुष्य बहुतेक मुंबईकरांच्या स्मरणातून पार पुसले गेले. पुसले गेले म्हणूनच कदाचित वास्तू वाचली, हे या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

चर्चच्या वास्तूला दुसरे काम इतक्या सहजपणे का लागते, याचे उत्तर आधी तिच्या रचनेत शोधले पाहिजे. हिंदू मंदिरात देवतेचे स्थान जे गर्भगृह, ते लहान, काळोखे आणि एका वेळी मोजक्या माणसांपुरते असते. उपासक येतो, दर्शन घेतो आणि निघतो. ख्रिस्ती उपासनेत मात्र सगळा समुदाय एका छताखाली, एकाच वेळी, एका दिशेला तोंड करून बसतो, आणि त्यासाठी लांबच लांब, उंच, उजेडाचे आणि मध्ये अडथळा नसलेले दालन लागते. या मुख्य दालनाला नेव्ह म्हणतात आणि त्याच्या टोकाला वेदी असते. वेदी, मूर्ती व क्रूस हलवले की उरते ते निव्वळ एक प्रशस्त सभागृह. सतराव्या-अठराव्या शतकात, लोखंडी तुळया सर्रास मिळू लागण्यापूर्वी, एवढे मोठे मोकळे छप्पर उभारणे खर्चाचे आणि कौशल्याचे काम होते. सत्ता हाती आलेल्या नव्या मालकाला ते पाडण्यापेक्षा वापरणे परवडत असे.

धर्मशास्त्राची बाजूही येथे लक्षात घ्यायला हवी. कॅथलिक धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या अंतर्गत कायद्यात, उपासनेसाठी निरुपयोगी झालेले चर्च धर्मप्रांताच्या बिशपला लौकिक कामासाठी मोकळे करता येते, मात्र ते काम हीन नसावे, अशी तरतूद आहे. पवित्र केलेली वास्तू पुन्हा लौकिक होऊ शकते, हे या तरतुदीने मान्य केले आहे, आणि देवाचे अधिष्ठान वास्तूच्या दगडांत कायमचे राहते असे ती धरून चालत नाही. परळच्या चर्चला मात्र अशा शांत, विधिपूर्वक निरोपाचे भाग्य लाभले नाही.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या १६६१ च्या विवाहकरारात मुंबई बेट आंदण म्हणून देण्यात आले. १६६५ मध्ये इंग्रजांनी त्याचा ताबा घेतला आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. राज्य बदलले तरी जमिनी ज्यांच्या होत्या त्यांच्याच राहिल्या, आणि बेटावरच्या मोठ्या जमीनदारांत जेझुइट अग्रभागी होते. जेझुइट म्हणजे १५४० मध्ये स्थापन झालेल्या येशूसंघाचे सदस्य. शिक्षण, धर्मप्रसार आणि जमिनीची उत्तम व्यवस्था या तिन्हींत ते वाकबगार होते. १६७० च्या दशकात मुंबईत आलेला कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याने परळ येथे त्यांचे चर्च व त्याला लागून असलेल्या जमिनी यांची नोंद केली आहे. मुंबईतील पाद्री पाद्रोआदो या व्यवस्थेखाली होते. पूर्वेकडील चर्चचा सांभाळ आणि नेमणुका यांचा जो हक्क पोपने पोर्तुगालच्या राजाला बहाल केला होता, त्याला पाद्रोआदो म्हणतात. साहजिकच इंग्रजांच्या राज्यात राहून हे पाद्री शेजारच्या वसई-साष्टीतील पोर्तुगीज सत्तेशी बांधलेले राहिले, आणि कंपनीला ते आपल्या घरातले परके वाटत राहिले.

जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान याने १६८९-९० मध्ये मुंबईवर स्वारी करून किल्ल्याबाहेरचे बेट बळकावले, तेव्हा जेझुइटांनी त्याला साहाय्य केल्याचा आरोप इंग्रजांनी केला आणि त्यांच्या काही मालमत्तांवर गदा आली. परळच्या चर्चविषयी अठराव्या शतकाच्या मध्यास येथे असलेला जॉन हेन्री ग्रोस असे लिहितो की, गव्हर्नराचा हा गावाबाहेरचा सुखद बंगला मुळात जेझुइटांचे प्रार्थनागृह होता आणि इंग्रजांच्या हिताविरुद्ध कारवाया केल्याच्या कारणावरून तो १७१९ च्या सुमारास जप्त झाला. लगेच पुढच्या वर्षी, १७२० मध्ये, गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत पाद्रोआदोच्या पाद्र्यांना बेटाबाहेर घालवून त्यांच्या जागी पोपच्या थेट अधिकाराखालील कार्मेलाइट पाद्री आणण्यात आले. तेव्हा परळची जप्ती हा धर्मद्वेषाचा उद्रेक होता असे म्हणणे वरवरचे ठरेल. कॅथलिक उपासना कंपनीने चालू ठेवली; तिला नको होती ती लिस्बनशी असलेली निष्ठा, आणि हवी होती ती जमीन. राज्यकर्त्यांच्या धार्मिक धोरणाचा अर्थ लावताना जमिनीचे कागद आधी चाळावेत, हा नियम येथेही उपयोगी पडतो.

पुढे विल्यम हॉर्नबी याने, जो १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर होता, परळच्या बंगल्याला मुख्य निवासस्थानाचा दर्जा दिला. चर्चच्या कवचातच, म्हणजे जुन्या भिंतींच्या आत, दोन भव्य दालने एकावर एक बसवली गेली : खाली भोजनाचे आणि वर नृत्याचे. उंच छपराच्या इमारतीत मधला तक्तपोशीचा मजला घालून एकाचे दोन करण्याची ही युक्ती जगभर अशा रूपांतरांत आढळते, कारण उपासनेला हवी असलेली उंची संसाराला नको असते. १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हीबर हे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे पाहुणे म्हणून येथे राहिले आणि भोजनाचे दालन एके काळी चर्च होते हे त्यांनी रोजनिशीत टिपले. अँग्लिकन पंथाचा धर्माधिकारी एके काळच्या कॅथलिक चर्चमध्ये बसून जेवतो आणि त्याविषयी नापसंतीपेक्षा कुतूहलच अधिक दाखवतो, यात शंभर वर्षांच्या विस्मरणाचे काम दिसते.

या काळातील एका घटनेकडे मराठी वाचकांचे विशेष लक्ष जावे. मुंबईचे न्यायाधीश सर जेम्स मॅकिन्टॉश यांना गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी परळचे हे निवासस्थान राहण्यास दिले होते, आणि २६ नोव्हेंबर १८०४ रोजी तेथेच लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बेची पहिली सभा भरली. तीच संस्था पुढे एशियाटिक सोसायटी झाली, आणि महाराष्ट्राच्या शिलालेखांचा, ताम्रपटांचा व लेण्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास तिच्या पत्रिकेतून उभा राहिला. ज्या जेझुइटांच्या घरात विद्येला मान होता, त्यांच्याच वास्तूत विद्येची दुसरी परंपरा अशी अजाणता सुरू झाली.

परळची तुलना मुंबईच्याच उत्तरेकडील बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांशी केली की या रूपांतराचे वेगळेपण उठून दिसते. सहाव्या शतकाच्या आसपास कोरलेले हे शैव लेणे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो याने चर्चमध्ये रूपांतरित केले आणि टेकडीवर मठ व विद्यालय उभे राहिले. तेथील भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी वसई आणि साष्टी जिंकल्यावर लेण्यात पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली. मंडपेश्वरात जागा दर वेळी उपासनेचीच राहिली, फक्त उपास्य बदलले, आणि म्हणून प्रत्येक बदलाबरोबर आधीच्या खुणा झाकण्याची वा खरवडण्याची गरज भासली. एका उपासनेला दुसरी उपासना प्रतिस्पर्धी वाटते, भोजनगृहाला वाटत नाही. परळला चर्चच्या भिंती निवांत उभ्या राहिल्या त्या तेथे नवा देव आला नाही म्हणून. वसईच्या चर्चांतून निघालेल्या घंटांचे भाग्य मात्र तिसऱ्याच प्रकारचे ठरले : नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ सालची घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून आणली गेली आणि आपले मूळ काम, भाविकांना नाद ऐकवण्याचे, न सोडता दुसऱ्या धर्मात रुळली. ओतीव धातूचे असे सहज होते. दगडी भिंतीला नवे काम नेमून द्यावे लागते.

काम न मिळालेल्या वास्तूचे काय होते, याचा पाठ जुन्या गोव्यात गिरवायला मिळतो. १८३४-३५ मध्ये पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने धार्मिक संघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. मठ ओस पडले. १६०२ मध्ये पुरे झालेले संत ऑगस्टिनचे अवाढव्य चर्च असेच रिकामे झाले, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला, आणि आज सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोऱ्याचा उरलेला अर्धाच भाग आकाशात उभा दिसतो. त्याची घंटा आग्वाद किल्ल्यावरून १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये पोचली. याउलट शेजारच्या संत फ्रान्सिसच्या मठात पुढे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आले, आणि सांता मोनिकाच्या जोगिणींच्या मठात सैनिक राहिले, मग पुन्हा धार्मिक शिक्षण आले, त्याच्या प्रार्थनागृहात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय बसले. छावणी म्हणून झालेला वापर कोणत्याही श्रद्धावंताला खटकेल. पण सैनिक छपरावरची कौले शाकारतात आणि पावसाळ्याआधी पन्हळी साफ करतात. कोकणपट्टीच्या पावसात इमारतीला याहून मोठा आशीर्वाद नाही.

परळचे राजभवन रिकामे झाले ते मात्र राजकारणाने नव्हे, परिसराच्या बदलाने. १८५३ मध्ये आगगाडी आली, पुढच्या दशकांत कापडगिरण्या उठल्या, रेल्वेचे कारखाने वसले, आणि एके काळी वनराईत असलेल्या बंगल्याभोवती गिरणगाव दाटू लागला. १८७५ मध्ये इंग्लंडच्या युवराजाचा मुक्काम याच राजभवनात झाला, तोवर त्याचा डौल टिकून होता. १८८२ च्या जानेवारीत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, मृत्यू झाला आणि पुढील काही वर्षांत गव्हर्नरांचा मुक्काम कायमचा मलबार पॉइंटला हलला. गिरणी कामगाराच्या चाळीत रोज शिरणारा रोग राजवाड्यात एकदा शिरला तेव्हा राजवाडा उठून समुद्राच्या वाऱ्यावर गेला. कामगाराला तशी सोय नव्हती.

दशकाहून अधिक काळानंतर त्या सोडून दिलेल्या वास्तूत रोगच अधिकृतपणे राहायला आला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासियो गाब्रियल व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे काखा-जांघांत गाठ येणाऱ्या प्लेगचे, निदान केले. पुढच्या काही महिन्यांत शहर निम्मेशिम्मे ओस पडले, १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि परळच्या जुन्या राजभवनात प्लेगचे रुग्णालय उघडले. त्या काळी रुग्णालय म्हणजे मरणाचे दार असा समज होता. घरझडत्या, जबरीने हलवणे, जातीपातीचा विटाळ यांनी लोक पेटले होते, आणि पुण्यात त्याच वर्षी २२ जूनला प्लेगचा बंदोबस्त पाहणारा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत पुण्याजवळ रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्चला निवर्तल्या. वऱ्हाडातही पुढे प्लेगने गावे उठवली आणि लोक रानात झोपड्या बांधून राहिले.

या धामधुमीत ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार मोर्देकाय हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका तोकड्या खोलीत त्यांनी लस सिद्ध केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान तिसरे यांनी आपल्या खुश्रू लॉज या वास्तूत प्रयोगशाळेला जागा दिली आणि आपल्या अनुयायांची भीती मोडण्यासाठी स्वतः टोचून घेतले. मागणी वाढली तसे तेही अपुरे पडले, आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या वास्तूत प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

लस बनवण्याच्या पद्धतीकडे पाहिले की या वास्तूचा उपयोग नेमका कळतो. प्लेगचे जंतू मोठ्या चंबूंत, मांसापासून केलेल्या पोषक द्रवात वाढवले जात. हिंदू-मुसलमान दोघांच्याही भावना सांभाळण्यासाठी गाय वा डुक्कर न वापरता बोकडाचे मांस वापरले जाई. द्रवाच्या पृष्ठावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या खालच्या बाजूने जंतूंची वाढ गुहेतल्या लोंबत्या चुनखडीसारखी खाली उतरे, चंबू हलवला की ती तळाशी बसे, आणि पुन्हा नवी वाढ सुरू होई. आठवड्यांमागून आठवडे चालणाऱ्या या कामानंतर द्रव तापवून जंतू मारले जात आणि त्यात कार्बोलिक आम्ल घातले जाई. असे चंबू हजारांनी मांडायचे, तर धूळ, ऊन आणि वर्दळ यांपासून दूर, जाड भिंतींच्या आत मोठी जागा लागते.

प्रयोगशाळेच्या वाट्याला दुःखही आले. १९०२ मध्ये पंजाबातील मल्कोवाल गावी परळच्या एका बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला, हाफकिन यांना निलंबित करण्यात आले, आणि दोष परळचा नसून गावात बाटली उघडताना झालेल्या निष्काळजीपणाचा होता हे मान्य होऊन त्यांची निर्दोष मुक्तता व्हायला १९०७ उजाडले. दरम्यान याच आवारात प्लेग संशोधन आयोगाने केलेल्या प्रयोगांनी उंदराची पिसू हा रोग वाहून नेते हे निर्विवाद झाले. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले, १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि १९७५ मध्ये लसउत्पादनासाठी राज्य सरकारचे वेगळे महामंडळ निघाले.

योगायोग असा की ज्या १८९९ साली परळच्या जुन्या चर्चमध्ये लस तयार होऊ लागली, त्याच वर्षी कलकत्त्यात रामकृष्ण मिशनच्या वतीने भगिनी निवेदितांनी प्लेगग्रस्त वस्त्यांची सफाई व शुश्रूषा हाती घेतली. त्याच्या आदल्या वर्षी, सेवाकार्याला पैसा कोठून आणणार या प्रश्नावर, वेळ पडल्यास मठासाठी नुकतीच घेतलेली जमीनही विकू, असे विवेकानंदांनी उत्तर दिल्याचे चरित्रकार सांगतात. विवेकानंदांच्या नावाने उभ्या असलेल्या आणि शुकदास महाराजांनी उपासनेला शाळा व रुग्णसेवेची जोड दिलेल्या हिवरा आश्रमात या उत्तराची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. मात्र एक भेद दुर्लक्षून चालणार नाही. विवेकानंदांची तयारी श्रद्धावंताने स्वतःहून केलेल्या त्यागाची होती, तर परळमध्ये श्रद्धावंतांना कोणी विचारलेच नाही. पुढचा उपयोग कितीही कल्याणकारी असला तरी त्यामुळे १७१९ ची जप्ती न्याय्य ठरत नाही, आणि ती अन्याय्य होती म्हणून लशीचे मोल उणे होत नाही.

हाच पेच इतरत्रही दिसतो. फ्रान्समध्ये २ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची सारी मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन झाली. पॅरिसमधले संत जनव्हिएव्हचे चर्च १७९१ मध्ये थोर नागरिकांचे स्मारक, पँथियन, बनले आणि १८५१ मध्ये त्याच्याच घुमटाखाली भौतिकशास्त्रज्ञ फुकोने लंबक टांगून पृथ्वीचे स्वतःभोवतीचे भ्रमण दाखवले. हॉलंडमधील मास्ट्रिख्टच्या डॉमिनिकन चर्चमध्ये काही काळ सायकली ठेवल्या जात. २००६ पासून तेथे पुस्तकांचे दुकान आहे. लंडनमधील भारतीय विद्या भवनाचे केंद्र एका जुन्या चर्चच्या इमारतीत चालते. ती इमारत मात्र रीतसर विकत घेतलेली आहे. युरोपात विसाव्या शतकात उपासक घटले, चर्च विकावी लागली आणि ग्राहक मिळाला. भारतातली अशी रूपांतरे बहुतांशी सत्तांतराच्या धक्क्यातून आली. म्हणूनच युरोपीय उदाहरणांचे आल्हाददायक चित्र येथे जसेच्या तसे लावणे फसवे ठरते.

परळच्या वास्तूपुढे आज जो प्रश्न आहे तो जतनाचा आहे. वारसा-जतनाच्या क्षेत्रात एखादी वास्तू मूळ रूपात आणावी असा आग्रह अनेकदा धरला जातो. पण येथे मूळ रूप म्हणजे कोणते? जेझुइटांचे चर्च पुन्हा दाखवायचे तर मधला मजला काढावा लागेल, आणि त्याबरोबर हीबर जेथे जेवले ते दालन जाईल आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेचे घरही. राजभवनाचा थाट उभारायचा तर प्रयोगशाळेची ओटे-कपाटे, नळ आणि वायुवीजनाची सोय अडगळ ठरेल. विसाव्या शतकातले फेरफार हेही आता इतिहासाचेच थर आहेत, आणि सर्वांत नवा थर सर्वांत हीन, हा पुरातत्त्वातला जुना पूर्वग्रह या इमारतीला तरी लागू करू नये. शिवाय ही वास्तू चालत्या संस्थेची आहे. तिच्या दुरुस्तीचा आराखडा संग्रहालयाच्या हिशेबाने न करता सूक्ष्मजीवशास्त्राच्या सुरक्षिततेच्या नियमांनी करावा लागेल, आणि ते नियम चुन्याच्या गिलाव्याला व लाकडी तक्तपोशीला फारसे अनुकूल नाहीत. तेव्हा जोखमीचे काम आवारातील नव्या इमारतींत न्यावे, जुन्या दालनांत ग्रंथालय, अध्यापन आणि संस्थेचे संग्रहालय ठेवावे, आणि अभ्यागतांसाठी लावायच्या फलकावर हाफकिन यांच्या नावाच्या वर फ्रायरने पाहिलेल्या चर्चचा आणि १७१९ च्या जप्तीचा स्पष्ट उल्लेख असावा, एवढी व्यवस्था आजच्या साधनांत शक्य आहे.